कोर्लईची बोली ‘मोडकी पोर्तुगीज’ नाही

रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई गाव आहे. तिथल्या ख्रिस्ती वस्तीच्या बोलीबद्दल एक मेसेज सध्या मुंबईत फिरतोय. त्याचं म्हणणं असं: ही मोडकी पोर्तुगीज आहे, अडाणी लोकांनी आळसाने शब्दांची शेपटं तोडली, अशा भाषांचे उच्चार सोपे होतात आणि तसेच गोठून राहतात. मला याचा राग येतो. भाषाभ्यासक दालगादो यांनी 1906 मध्ये जिचं वर्णन छापलं, ती याच कुळातली बोली मुंबई-वसईतही बोलली जायची. आता मुंबईत ती ऐकू येत नाही. कोर्लईत येते.

शेपटं तुटली हे खरं. तिथले लोक आपल्या बोलीला ‘नॉ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’ म्हणतात. पोर्तुगीज ‘लिंग्वा’तला ‘वा’ गेला. लिंग्वाचा अर्थ जीभही होतो. आता आपली ‘जीभ’ बघा: संस्कृत ‘जिह्वा’चा शेवटचा आकार झिजून ती झाली. लज्जेची लाज, संध्येची सांज तशीच. मग मराठी मोडकी संस्कृत म्हणायची का? पोर्तुगीज ‘अफोन्सो’चा हापूस करताना तर आपण शेवट गाळला आणि सुरुवातीला ‘ह’ जोडला. हापूसला कुणी मोडका म्हणत नाही, मग कोर्लईच्या आजीच्या बोलण्याला का म्हणायचं?

आळस म्हणाल, तर दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामची, इंग्रजी शब्दांतून अशीच घडलेली स्रानन भाषा घ्या. 1651 ते 1667 तिथे इंग्रजांची वसाहत होती. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या तोंडी ‘बिग’चं ‘बिगी’ झालं, ‘फुट’चं ‘फुटू’. शब्द लांबले! त्यांच्या मायबोलींत शब्द बहुधा स्वरावर संपत, ती घडण इथे उतरली. आपणही ‘फिल्म’चं जोडाक्षर फोडून ‘फिलिम’ म्हणतोच.

सोपे उच्चार? सुरिनामच्याच, इंग्रजी आणि पोर्तुगीज शब्दांतून घडलेल्या सारामाक्कन भाषेत सुराच्या चढउतारावर शब्दाचा अर्थ बदलतो. इंग्रजीत किंवा पोर्तुगीजमध्ये तसं होत नाही. कोर्लईच्या बोलीतही मराठी शब्दांबरोबर ट-ड आणि ख-भ यांसारखे आवाज आले, जे पोर्तुगीजमध्ये नाहीत.

राहिलं गोठणं. स्राननमध्ये माणसाला ‘सुमा’ हा शब्द होता. पुढे मधला उकार गळून त्याचा ‘स्मा’ झाला. आधी शब्दांना स्वर जोडणाऱ्या भाषेने इथे स्वर गाळून स्वतःचं नवं जोडाक्षर घडवलं.