होतंय की, मामा!

कोल्हापुरात ‘होत नाही’ असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय. २०१९च्या पुरात बुडालेली मोटरसायकल चालू होईल का, चिखलात गेलेला सातबारा वाचता येईल का, पंगत बसल्यावर आणखी पन्नास पानं वाढतील का, काहीही विचारा. समोरचा मान वर न करता सांगणार, “होतंय की!” मग ते होवो न होवो.

आमच्या घरात हे उत्तर गडहिंग्लजहून आलं. भाचा ओंकार इंजिनिअरिंगसाठी आमच्याकडे राहायला आला, तेव्हा त्याच्या एका हातात बहिणीनं दिलेला चिवड्याचा डबा होता आणि दुसऱ्या हातात टॉवेलात गुंडाळलेला, मित्राकडून जुना घेतलेला पीएस ४, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं सोनीचं यंत्र. टॉवेलाची घडी बघून मला वाटलं, देव असावेत.

आता कोल्हापूरच्या पोराकडे गेमचं यंत्र आलं म्हणजे त्यात फुटबॉलच असणार, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. इथं पेठेपेठेची तालीम कुस्तीबरोबर फुटबॉलचा संघही पोसते. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, फुलेवाडी. शाहू स्टेडियमवर ह्यांचे सामने लागले की घरातला माणूस घरात नसतो. आमचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, ते काही उगाच नाही. ओंकारच्या त्या फुटबॉलच्या गेमचं ‘फिफा’ हे नाव २०२३ पासून गेलं, ‘फिफा २३’ हा शेवटचा, आता त्याला ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ म्हणतात. पेठेत अजून कुणी म्हणत नाही.

अडचण पडद्याची. घरात टीव्ही एकच. संध्याकाळी सात ते साडेदहा त्याच्यावर आईचा ताबा असतो आणि त्यावर अपील करायची सोय आमच्या घरात नाही. मग ओंकारची नजर माझ्या लॅपटॉपवर गेली. मी पतसंस्थेत आहे. रात्री जेवण झालं की थकबाकीच्या याद्या करत बसतो.

“मामा, एवढा फुल एचडी पडदा आणि त्यावर तुम्ही एक्सेल बघताय?”

“टीव्हीसारखा चालेल व्हय रे ह्यो?”

“होतंय की, मामा! दोन्हीकडं एचडीएमआय हाय.”

खरंच होतं. एचडीएमआय म्हणजे चित्र आणि आवाज एकाच तारेतून नेणारी जोडणी. त्या केबलचं एक टोक पीएस ४ मध्ये बसलं, दुसरं लॅपटॉपात. दोन्हीकडं खटक्यात. ओंकारनं बटण दाबलं, यंत्राची निळी पट्टी पेटली, पंखा घुमला आणि लॅपटॉपच्या पडद्यावर थकबाकीदारांची यादी होती तशीच राहिली. मग आम्ही ‘सोर्स’ची कळ शोधली. टीव्हीला असते तशी. वरच्या ओळीतल्या सगळ्या कळा दाबून झाल्या. आवाज वाढला, उजेड कमी झाला, विमानाचं चित्र आलं आणि घरातलं वायफाय गेलं.

भानगड अशी की लॅपटॉपचं एचडीएमआय फक्त बाहेर देण्यासाठी असतं. चित्र आतली ग्राफिक्स चिप बनवते, ते एक तर आतल्या बारीक केबलनं स्वतःच्या पडद्याकडे जातं, नाही तर त्या भोकातून प्रोजेक्टरकडे. बाहेरचं चित्र आत घेऊन पडद्यापर्यंत पोचवणारी वाटच तिथं बांधलेली नसते. कोल्हापुरात वन-वेच्या पाटीखालून समोरून म्हशी येतात, बुलेट येतात, वरातही येते. ह्या भोकातून मात्र एक ठिपका उलटा येत नाही. एलियनवेअरच्या काही जुन्या गेमिंग लॅपटॉपना आत घ्यायचंही एचडीएमआय होतं म्हणे, पण तसले लॅपटॉप पतसंस्थेच्या पगाराला पाहून तोंड फिरवतात.

राजारामपुरीत एक दुरुस्तीवाला आहे. त्याच्यापुढे लॅपटॉप ठेवला. त्यानं झाकण उघडलं, मिटलं, कडेनं नख फिरवलं.

“होतंय की. ह्याचं पॅनेल काढायचं, मागचा नंबर बघायचा, त्या नंबरला चालणारा कंट्रोलर बोर्ड मागवायचा. बारा व्होल्टचा अडाप्टर लावला की झाला टीव्ही.”

“आणि लॅपटॉप?”

“लॅपटॉप ऱ्हात न्हाई मग.”

इतक्या मायेनं सांगितलं की क्षणभर पटलंच. खोटंही नव्हतं, मेलेल्या लॅपटॉपचा पडदा असाच सत्कारणी लावतात. माझा जिवंत होता. मी तो उचलून पोटाशी धरला आणि निघालो.

दुसरा मार्ग रिमोट प्ले. सोनीनं २०१६ साली पीसीसाठी काढलेलं फुकट ॲप. चित्र केबलऐवजी घरच्या नेटवर्कवरून लॅपटॉपात येतं. उत्तम सोय आहे आणि ज्यांचं घर विटांच्या पातळ भिंतींचं आहे त्यांनी जरूर वापरावी. आमच्या आजोबांनी भिंती हातभर जाड बांधल्या आणि राउटर आईच्या खोलीत आहे. मेस्सी निघायचा माणूस म्हणून आणि डीच्या आत पोचेपर्यंत त्याचे चौकोन व्हायचे. लॅनची केबल ओढली तर चित्र सुधारलं, पण ती उंबऱ्यावरून जायची आणि आईनं सकाळी पूजेआधी गुंडाळून कोनाड्यात ठेवली. “पायात येत्यात असली दोरकंडं,” एवढाच निकाल.

मग कॅप्चर कार्ड आलं. ह्याचं नाव कार्ड, प्रत्यक्षात अंगठ्याएवढा डबा. एका बाजूला एचडीएमआय आत घ्यायचं, दुसरीकडून यूएसबीनं लॅपटॉपात शिरायचं. लॅपटॉपला वाटतं, वेबकॅम जोडलाय. ओंकारनं डब्यातून येणारं चित्र पडद्यावर मांडणारं ओबीएस नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं, डबा लावला, आणि आला पडदा. काळा.

काळा पडदा म्हणजे एचडीसीपी. सिनेमे चोरून कुणी रेकॉर्ड करू नयेत म्हणून चित्राला घातलेलं कुलूप. पीएस ४ मध्ये ते काढता येतं : सेटिंग्ज, मग सिस्टीम, तिथली एचडीसीपीची खूण उडवायची. फक्त ते सेटिंग बघायला पडदा लागतो. आणि तो पडदा सात ते साडेदहा आईचा.

“आजी, दोनच मिनिटं.”

“आत्ता न्हाई. तिला आत्ताच कळणाराय त्यो तिचा सख्खा बाप न्हाई ते.”

“आजी, जाहिरातीत?”

“जाहिरातीत मी आमटी बघून येतो. तेवढ्यात काय करायचं ते कर.” (आमच्या आईचं ‘येतो’ ऐकून पुण्याची सूनबाई लग्नानंतर वर्षभर दचकायची. आता तीही ‘जातो’ म्हणते.)

जाहिरात लागली. आई स्वयंपाकघराकडे वळली तसा ओंकार टीव्हीमागं घुसला. मी रिमोट धरून, बायको दारात राखणीला. पीएस ४ उठायला वेळ घेतो, हे तेव्हा कळलं. आधी अंधार, मग खूण, मग ‘बटण दाबा’. एक साबण गेला, एक कर्ज देणारी कंपनी गेली, दोन चहा गेले. ओंकारनं सिस्टीम उघडलं, यादीत खाली उतरला, खूण उडवली आणि त्याच क्षणी पाठीमागून पळीचा आवाज आला. मी सोर्स बदलला. पडद्यावर तो बाप नसलेला बाप ढसाढसा रडत होता. आईनं आमच्याकडं असं पाहिलं, की त्याला आम्हीच रडवलं.

त्या रात्री लॅपटॉपवर हिरवंगार मैदान उतरलं. पण मजा अशी की ओंकार बटण दाबायचा आणि खेळाडू विचार करून लाथ मारायचा. मी व्याजाचा माणूस, हिशोब मांडला. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. असं चित्र सेकंदाला ६० वेळा. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट. एकूण सेकंदाला जवळजवळ ३०० कोटी बिट. आणि आमचा डबा यूएसबी २.० वाला, त्याची कमाल मर्यादा कागदावर ४८ कोटी. म्हणून डबा प्रत्येक चित्र दाबून चेपून पाठवतो, लॅपटॉप ते पुन्हा उलगडतो, ओबीएस ते मांडतं. ह्या दाबाचेपीत वेळ जातो. आमच्या लॅपटॉपचं वय आणि त्याच्या पोटातल्या थकबाकीच्या फायली धरल्या तर चांगला अर्धा सेकंद. खोक्यावर मात्र ठळक छापलंय ‘४के’, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपके. ४के आत घेतो एवढंच ते खरं. बाहेर काय देतो, ते छापायला खोक्यावर जागा उरली नसावी.

आवाजाचं वेगळंच. ओबीएस आपणहून आवाज ऐकवत नाही, त्याला ऑडिओच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन ‘मॉनिटर’ करायला सांगावं लागतं. सांगितलं, तर पलीकडून आई ओरडली, “त्यो गलका बंद करा!” म्हणून ओंकारनं हातात धरून खेळायच्या कंट्रोलरच्या पोटातल्या भोकात हेडफोन खुपसला. आता आवाज पीएस ४ मधून थेट कानात. डबा नाही, लॅपटॉप नाही, उशीर नाही.

इथं तात्या आले. तात्या शेजारी, एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त, जन्मभर शाहू स्टेडियमच्या पायरीवर बसलेला माणूस. पडद्यावरचा सामना बघायला सोबत म्हणून यायला लागले आणि कानाला कमी ऐकू येतं ह्या सबबीवर हेडफोन त्यांनी घेतला. वायर आखूड, त्यामुळे ते ओंकारला खेटूनच बसायचे. गल्लीतली चार पोरं मागं उभी.

दोन-चार दिवसांत तात्या अंतर्ज्ञानी झाले. ओंकारच्या गड्यानं लाथ मारलीय, बॉल अजून वाटेतच आहे, आणि तात्या शांतपणे म्हणायचे, “गोल.” मग बॉल जाळ्यात. किंवा “खांबाला,” आणि टण्णकन खांबाला. पोरांची तोंडं उघडीच. “चाळीस वर्सं बघतोय मी, पायाच्या ठेवणीवरनं कळतंय,” तात्या सांगायचे. मग पेनल्टीवर मिसळीची पैज लागायला लागली. तात्या ती बोटावर मोजण्याइतकीही हरले नाहीत. शनिवारी सकाळी पेठेतल्या मिसळीच्या दुकानात त्यांच्यापुढं जादा कट, जादा पाव आणि पैसे द्यायला रांग.

एका रात्री तात्या खोकायला उठले आणि ओंकारनं सहज हेडफोन कानाला लावला. पेनल्टी चालू होती. पोरगा ऐकून, पडद्याकडं बघून, परत ऐकून थिजला. गोलचा जल्लोष आधी, गोल नंतर. मग तात्यांकडं बघत हसायला लागला.

पोरांनी तात्यांकडनं सगळ्या मिसळींचा हिशोब मागितला. तात्यांचं म्हणणं, पैज गोल होणार का ह्यावर होती, कशावरनं कळलं ह्यावर नव्हती. कायद्यानं त्यात काही चुकत नाही. हा वाद ऐकायला आई मालिका सोडून बाहेर आली. सगळं प्रकरण तिनं दोनदा समजून घेतलं, हेडफोन हातात उलटापालटा करून पाहिला आणि ओंकारला म्हणाली, “मग ह्यो माझ्या टीव्हीला जोडून दे की. उद्याचा भाग आज तरी कळंल.”