‘घोड्याच्या गोष्टी’ म्हणणाऱ्या अनामिक वाचकास

अनामिक महोदय,

‘इबोलावर रामबाण’ या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत : ‘प्रतिपिंडं देऊनही एक तृतीयांश रुग्ण दगावले. औषध महाग. निपाहसाठी अजून काही मंजूर नाही. इंदूरला पोहे खात बसून घोड्याच्या रक्ताच्या गोष्टी सांगू नका.’

आधी माझी चूक. अन्सुविमॅब हे इबोलाचं औषध तीन प्रतिपिंडांचं (म्हणजे विषाणूला चिकटून त्याला रोखणाऱ्या प्रथिनांचं) मिश्रण, असं मी लिहून गेलो. ते एकच प्रतिपिंड आहे. तिघांचं मिश्रण म्हणजे इन्माझेब, इबोलाचंच दुसरं औषध. दुरुस्त केलंय. ‘रामबाण’ म्हणाल, तर तो शब्द शीर्षकात होता, लेखात नाही.

आता एक तृतीयांश. काँगोत 2018-19 मध्ये 681 रुग्णांवर चाचणी झाली. झीमॅप या आधीच्या प्रतिपिंड-औषधावर निम्मे गेले, या दोन औषधांवर 35 आणि 33.5 टक्के. अंगात विषाणू कमी असताना औषध मिळालेल्यांत मृत्यू दहा टक्क्यांच्या आसपास. उरलेले दोन तृतीयांश आपण कुठे ठेवलेत?

अन्सुविमॅबचं प्रतिपिंड बनवणारी मूळ पेशी काँगोतल्या किकवित शहराच्या 1995 च्या इबोला साथीतून वाचलेल्या माणसाच्या रक्तातली, तीही 11 वर्षांनंतर काढलेली. त्याच साथीत काँगोचे डॉ. मुयेंबे यांच्या चमूनं बऱ्या झालेल्यांचं रक्त आठ जणांना दिलं, सात वाचले. आठ म्हणजे काही पुरावा नव्हे, ठाऊक आहे मला. पण हा धागा जर्मन शास्त्रज्ञ बेरिंगच्या 1890 च्या सीरमपर्यंत, म्हणजे प्रतिपिंडं असलेल्या रक्तद्रवापर्यंत जातो, आणि मध्ये घोडा येतोच, कारण पुढे हे सीरम घोड्याच्या रक्तातून काढत. त्याला मी काय करू?

उशिरा दिलं तर उपयोग नाही, हे तर मला शिकवूच नका. 1971 साली, मी नऊ वर्षांचा असताना, रामबागेत मला कुत्रा चावला. बाबांनी सायकलच्या दांडीवर बसवून दवाखान्यात नेलं. मेंढीच्या मेंदूपासून केलेली रेबीजची लस, चौदा इंजेक्शनं, रोज बेंबीभोवती नवी जागा शोधायची. तयार प्रतिपिंडांचं सीरम तिथे नव्हतंच. लशीतून अंगात प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडा-दहा दिवस, तोवर देवाच्या भरवशावर. मी वाचलो. त्याच कुत्र्यानं चावलेला समोरच्या वाड्यातला मुलगा चार दिवस उशिरा गेला. तो नाही वाचला.

गेल्या दिवाळीत नातवाच्या पोटरीला कुत्र्यानं धरलं. डॉक्टरांनी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कुपी फोडली आणि एकाच जातीचं प्रतिपिंड जखमेच्या कडेकडेनं टोचत भरलं. पोरगं किंचाळलं. दंडात लस घेतली आणि संध्याकाळी फटाके मागत होतं. घोडा नाही, मेंढी नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आपण कुठे पाहिलंत?

किंमत, निपाह वगैरेवर लिहीन सवडीनं, आपण सांगितलंत म्हणून नव्हे. आणि पोह्यांवर आमच्याकडे इंदूरला जीरावन मसाला असतो. टोमणा मारायचाच होता तर तेवढा तरी घालायचा होतात.