'कोर्टात जा' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या वस्तीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज तिसऱ्यांदा फिरून आला: "झाडं वाचवायची तर कोर्टात जा. फलक घेऊन पाचजण जमले की गुन्हा होतो. हे सगळे विकासविरोधी." बगिच्याची जागा आणि तिथली झाडं वाचवायला आम्ही रविवारी सकाळी फलक घेऊन उभे राहतो, तेव्हा रोख कोणावर हे सांगायला नको.

पाचजणांचं आधी. भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या दंडसंहितेच्या जागी आलेल्या) कलम १८९ मध्ये पाचचा आकडा आहे खरा, पण जमाव बेकायदेशीर ठरतो तो बळजबरी, गुन्हा अशा हेतूमुळे. नाहीतर सावजी हॉटेलाबाहेर नंबर लावून उभे असलेले सगळे आत गेले असते. शांततेनं, विनाशस्त्र जमण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९ मध्येच आहे. जमावबंदीचं कलम १४४ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं; आता नागरिक सुरक्षा संहितेत १६३) रास्त मतप्रदर्शन दडपायला वापरता येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीवरच्या अनुराधा भसीन प्रकरणात सांगितलंय.

आता कोर्ट. २०२१ मध्ये नागपुरातल्या अजनी वनाची झाडं वाचवायला लोक नागपूर खंडपीठातही गेले आणि झाडांखालीही उभे राहिले. मुंबईच्या आरेत मेट्रो कारशेडसाठीच्या वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका ४ ऑक्टोबर २०१९ ला हायकोर्टानं फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. ७ तारखेला सुप्रीम कोर्टानं तोड थांबवली, तोवर दोन हजारांवर झाडं गेली होती.

शिवाय कोर्टात न्यायचं काय, हे आधी कळावं लागतं. राज्याच्या १९७५ च्या वृक्ष कायद्यानुसार तोडीची नोटीस झाडावर लावावी लागते. आमच्या कडुलिंबावरच्या नोटिशीचा पावसानं लगदा झाला होता. खोडावर नुसते खिळे उरलेले. आम्ही फलक घेऊन उभे दिसलो म्हणून चहाटपरीवाले काका आले नि म्हणाले, "काहून उभे हा जी? हे पाहा, मी फोटो काढून ठेवला होता." हरकतीचे दोनच दिवस उरले होते. टपरीच्या बाकावरच अर्ज लिहिले, एकावर चहाचा डाग पडला तो तसाच दिला.

विकासविरोधी म्हणाल तर हरकत घेण्याची सोय सरकारच्याच कायद्यात आहे. आणि दर हिवाळी अधिवेशनात टेकडी रोडवर मोर्चे पाहणाऱ्या नागपूरकरानं आंदोलनाला नाक मुरडावं, याचं नवल वाटतं बाप्पा.

आंदोलनांवर त्रागा करणाऱ्यांची एक गोष्ट मात्र रास्त आहे: रस्ता बेमुदत अडवायचा हक्क कुणालाच नाही. दिल्लीत शाहीनबागेत रस्त्यावर चाललेल्या धरण्याबद्दलच्या निकालात सुप्रीम कोर्टानं तेच म्हटलं. पहिल्या रविवारी आमच्यामुळे भाजीची एक हातगाडी खोळंबली होती. तेव्हापासून आम्ही कुंपणाला चिकटून उभे राहतो.