पीएसए, हार्मोन आणि कराडकरांचा राग

कराडकर दादा,

‘तुमच्यासारख्यांचं वाचून लोक तपासणी टाळतात, मग माझ्या थोरल्या भावासारखं हाडात पसरल्यावर कळतं,’ असं तुम्ही माझ्या पीएसएवरच्या लेखाखाली लिहिलंत. (पीएसए म्हणजे प्रोस्टेटच्या, पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या, कॅन्सरसाठी करतात ती रक्ततपासणी.) वाचून वाईट वाटलं. वर्षभर मणक्याचं दुखणं म्हणून शेकत बसलेली माणसं मीही पाहिली आहेत. ‘पीएसए उगाच करू नका’ हे माझं वाक्य ढिलं होतं, ते मागे घेतो.

पण माझा रोख पीएसएबरोबर टेस्टोस्टेरॉनही मोजणाऱ्या ‘पुरुष हार्मोन कॅन्सर पॅकेज’वर होता. पीएसए हा हार्मोन नाहीच. ते प्रोस्टेटच्या पेशींनी बनवलेलं, वीर्य पातळ करणारं प्रथिन. त्यातलं थोडं रक्तात झिरपतं. हार्मोन म्हणजे टेस्टोस्टेरॉन. पसरलेला प्रोस्टेटचा कॅन्सर त्यावर पोसतो, आणि ते तोडलं की आवळतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखवलं. 1966 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यामुळे उपचार चालू असताना टेस्टोस्टेरॉन मोजतात ते बरोबरच. कॅन्सर आहे की नाही हे मात्र त्यावरून कळत नाही. 2008 मध्ये 18 अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले, तरी रक्तातल्या पातळीचा आणि पुढे होणाऱ्या कॅन्सरचा संबंध दिसला नाही. पॅकेजवाले पैसे घेतात ते घेतातच.

‘4 च्या वर म्हणजे कॅन्सर, एवढं साधं सांगा ना,’ हेही पीएसएच्या आकड्याबद्दल (नॅनोग्रॅम प्रति मिली) तुमचं म्हणणं. तेवढं साधं असतं तर! सांगलीतल्या एका शिबिरात माझ्या वडिलांचा पीएसए 9.8 आला आणि घरावर सुतकी कळा पसरली. त्यांना लघवीला जळजळ होती, ते कुणी विचारलंच नव्हतं. जंतुसंसर्ग गेला, दोन महिन्यांनी आकडा 3.1. उलटही होतं. प्रोस्टेट वाढली म्हणून फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही गोळी सहा महिने घेतली की पीएसए निम्म्यावर येतो. रिपोर्टात 3 दिसला तर 6 धरायचा. रक्त काढताना मी विचारतो, पण 23 वर्षांत आपणहून ‘लघवीची गोळी चालू आहे’ म्हणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. 4 ते 10 च्या मधल्या साधारण चौघांपैकी एकालाच कॅन्सर निघतो, आणि 4 च्या खालीही तो सापडतो.

आता तुमचं. वय 52 लिहिलंत. सख्ख्या भावाला असेल तर धोका दुपटीच्या आसपास जातो. एवढ्या लांब प्रतिक्रियेत तुमचा स्वतःचा पीएसए कुठे दिसला नाही. युरॉलॉजिस्टकडे जा, भावाचं आधी सांगा. ते गुदद्वारातून बोटानेही तपासतील, लाजू नका. रक्त द्यायच्या आधी दोन दिवस सायकल बंद, शरीरसंबंधही नको. पॅकेज घेऊ नका, एकटा पीएसए पुरे.