‘1945 ला लॅण्ड गर्ल्स हसत घरी गेल्या’ म्हणे!

गेल्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या ग्रुपवर एकच फॉरवर्ड आला, शेवटी आमच्या काकांनीही टाकला म्हटल्यावर लिहायला बसले. फोटोत गवताच्या भाऱ्यांवर बसलेल्या पोरी आणि खाली मजकूर असा: ‘महायुद्धात ब्रिटनच्या शहरी मुली काही ट्रेनिंग नसताना शेतात उतरल्या, पुरुषांइतका सरकारी पगार घेतला, 1945 ला युद्ध जिंकल्यावर हसत घरी गेल्या आणि सरकारने त्यांना पेन्शन दिली. सरकार असावं तर असं!’

फोटो खरा असेलही, पण मजकुराचं काय करायचं?

आधी ते 1945 घेऊ, कारण सगळी गंमत तिथेच आहे. विमेन्स लॅण्ड आर्मी, म्हणजे या पोरींची संघटना (म्हणून त्या लॅण्ड गर्ल्स), जून 1939 मध्ये पुन्हा उभी राहिली (पहिल्या महायुद्धातही होती) आणि बंद झाली 30 नोव्हेंबर 1950 ला. म्हणजे युद्ध संपल्यावर अजून साडेपाच वर्षं! का, तर युद्ध संपलं म्हणून पोट भरत नाही ना. अमेरिकेने ऑगस्ट 1945 मध्ये उधारीवरची मदत झटक्यात बंद केली, बाहेरून धान्य आणायला डॉलर नाहीत, आणि ऐन युद्धात जे झालं नव्हतं ते शांततेत झालं, जुलै 1946 ला ब्रेडवर रेशनिंग आलं ते थेट जुलै 1948 पर्यंत. त्यात 1947 चा तो भयंकर हिवाळा, आठवडेच्या आठवडे बर्फ, साठवलेले बटाटे गोठून सडले, मेंढ्या बर्फाखाली मेल्या आणि मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर पूर, मग वर्षाअखेर बटाट्यावरही रेशन. शेतांवर राबणारे बहुतेक जर्मन युद्धकैदी 1948 पर्यंत मायदेशी परत गेले. दुसरीकडे सरकारने 1947 चा शेतीकायदा करून शेतकऱ्यांना हमीभाव दिला, पिकवा म्हणाले, पण पिकवायला हात कुठून येणार? म्हणून लॅण्ड आर्मीत नव्या पोरींची भरती युद्धानंतरही चालूच होती. गाईंना काय माहीत युद्ध संपलंय, त्यांची धार पहाटे काढावीच लागते.

ट्रेनिंगचं म्हणाल तर पोस्ट अर्धी बरोबर आहे, मान्य. बऱ्याच जणींना थेट शेतकऱ्याच्या दारात नेऊन उभं केलं. पण बाकीच्यांना साधारण चार आठवड्यांचं शिक्षण मिळायचं, एखाद्या फार्मवर नाहीतर काउंटीच्या शेती-शाळेत. धार काढायला शिकवताना आधी लाकडी चौकटीला टांगलेली, रबरी सडांची खोटी कास द्यायचे, कारण शिकाऊ हात लागला की खरी गाय लाथ मारते! पुढे तर रीतसर परीक्षा निघाल्या, दूधकाम, ट्रॅक्टर, कोंबड्या, फळबाग, उंदीर-घुशींचा बंदोबस्त, ज्याची त्याची वेगळी. उंदीर मारायलाच हजारेक पोरी होत्या, ते काही फॉरवर्डमध्ये येत नाही, फोटो छान येत नसावेत.

आणि मुलींचं शेतीशिक्षण काही युद्धामुळे सुरू झालेलं नाही. वॉरिकच्या काउंटेस डेझी यांनी 1898 ला रेडिंगमध्ये शेती शिकणाऱ्या मुलींचं हॉस्टेल काढलं, ते 1903 ला स्टडलीच्या गढीत गेलं, तेच स्टडली कॉलेज, युद्धानंतरही चाललं आणि 1969 ला बंद झालं. केंटमधलं स्वॅनली कॉलेज मात्र बॉम्बमध्ये सापडलं आणि युद्धानंतर वाय कॉलेजमध्ये विलीन झालं.

‘पुरुषांइतका सरकारी पगार’ यात दोन चुका आहेत. नाव आर्मी असलं तरी ही आर्मी नव्हती, पगार शेतकरी द्यायचा. आणि किती? सुरुवातीला पोरीला आठवड्याचे किमान 28 शिलिंग, त्यातले 14 राहण्या-जेवणाचे कापून, तर पुरुष शेतमजुराला सरासरी 38. हिवाळ्यात आठवड्याचे 48 तास, उन्हाळ्यात 50. वर्षातून एक आठवडा सुट्टी मिळायला 1943 उजाडावं लागलं. समान वेतनाचा कायदा तिथे 1970 चा, लागू झाला 1975 च्या शेवटी, म्हणजे तोवर यातल्या बऱ्याच जणी आज्या झाल्या असतील.

आता ते पेन्शन. पेन्शन कसली डोंबलाची! सैन्यातल्या आणि नागरी संरक्षणातल्या बायकांना युद्धानंतरचे फायदे जाहीर झाले, यांना त्यातून वगळलं. यांच्या प्रमुख लेडी डेन्मन यांनी याच कारणासाठी फेब्रुवारी 1945 मध्ये राजीनामा दिला, युद्ध अजून संपायचं होतं. आरडाओरडा झाल्यावर थोड्या सवलती आल्या, त्यातली एक म्हणजे गणवेशाचा ओव्हरकोट ठेवून घ्या पण नेव्ही ब्लू रंगवून. मला तर हे वाचून हसावं की रडावं कळेना.

सरकारी बिल्ला मिळाला, हो, मिळाला. 2008 मध्ये, तोही हयात असलेल्यांना. जी पोर 1939 ला अठरा वर्षांची होती ती तेव्हा सत्त्याऐंशीची होती.

काका, आता तो फॉरवर्ड डिलीट करा.