√९ म्हणजे फक्त ३

लेखात ‘√९ चं उत्तर ३ आणि −३ दोन्ही चालतं’ असं म्हटलंय, ते पटलं नाही. इथे दोन वेगळे प्रश्न एकत्र झालेत. क्ष² = ९ या समीकरणाला ३ आणि −३ अशा दोन उकली आहेत, बरोबर. पण √ हे चिन्ह फक्त धन (किंवा शून्य) वर्गमूळ दाखवतं. म्हणून तर वर्गसमीकरणाच्या सूत्रात √ च्या आधी ± वेगळं लिहावं लागतं. चिन्हातच दोन्ही किमती असत्या तर त्याची गरजच काय होती?

याच गोंधळामुळे पुढे गणितं चुकतात. √(क्ष+६) = क्ष घ्या. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की क्ष² − क्ष − ६ = ०, म्हणजे (क्ष−३)(क्ष+२) = ०. आता ताळा करा. क्ष = ३ ठेवलं तर √९ = ३, जुळतं. क्ष = −२ ठेवलं तर डावीकडे √४ म्हणजे २ आणि उजवीकडे −२! वर्ग करताना धन-ऋण चिन्ह पुसलं जातं, त्यामुळे −√(क्ष+६) = क्ष या भलत्याच समीकरणाची उकल आत शिरते. वर्ग केला की ताळा हवाच. आणि हो, √(क्ष²) म्हणजे क्ष नव्हे, क्षचं केवल मूल्य (ऋण चिन्ह सोडून उरणारी किंमत); क्ष = −५ असेल तर उत्तर ५ येतं.