‘सहा तासांत उतरलं’ या रिव्ह्यूला क्लिनिककडून उत्तर

नमस्कार,

आमच्या दुखण्यावरच्या क्लिनिकबद्दलचा तुमचा रिव्ह्यू शनिवारी रात्री वाचला. एक स्टार, आणि खाली इतर गोष्टींबरोबर लिहिलंय, ‘आईच्या कंबरेसाठी मिरजेला नेलं. सव्वादोन तास ताटकळत ठेवलं, साडेसहा हजार घेतले आणि इंजेक्शन सहा तासांत उतरलं. वर डॉक्टरबाई म्हणतात, घरी जाऊन रोजची कामं करा. नुसती लूट. त्यात थोडे घालून एमआरआय तरी झाला असता.’

थांबावं लागलं त्याबद्दल मनापासून माफी मागते. साडेबाराची वेळ दिली होती आणि आत घ्यायला पावणेतीन झाले, हे खरं आहे. त्या दिवशी कॅन्सरच्या दुखण्याचा एक पेशंट अथणीहून स्ट्रेचरवर आला आणि त्याला तसाच ठेवून पुढचं नाव पुकारणं मला जमलं नाही. पण कुणीतरी बाहेर येऊन तुम्हाला तसं सांगायला हवं होतं. ते झालं नाही, चूक आमची. कंबर धरलेल्या बाईंना दोन तास प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवायला नको होतं.

पण ‘सहा तासांत उतरलं’ या वाक्यावर बोलल्याशिवाय मला राहवत नाही. आईंचे रिपोर्ट, वय वगैरे मी इथे लिहिणार नाही. तुम्ही स्वतः जे लिहिलंय त्याला धरूनच सांगते.

ते इंजेक्शन सहा तासांतच उतरायचं होतं. ती तपासणी होती. मणक्यांच्या मागच्या बाजूला छोटे सांधे असतात, आम्ही त्यांना फॅसेट जॉइंट म्हणतो. वयानुसार ते झिजतात. उभं राहिलं, मागे वाकलं की कंबर भरून येते. ही दुखण्याची खबर मेंदूकडे नेणाऱ्या नसा अगदी बारीक असतात. सी-आर्मच्या, म्हणजे चालू एक्स-रे दाखवणाऱ्या मशीनच्या, स्क्रीनवर बघत एकेका नसेपाशी सुई न्यायची आणि अर्धा मिली भुलीचं औषध सोडायचं. औषध आहे तोवर दुखणं थांबलं, तर दुखणं तिथूनच येतंय हे कळतं. नाही थांबलं, तर मूळ दुसरीकडे शोधायचं. जास्त दिवस आराम देणारं स्टेरॉइड यात घातलं नव्हतं. भुलीचं औषध काही तासांनी उतरतं, उतरलंच पाहिजे.

म्हणजे तुम्ही ज्याला फसवणूक म्हणताय, ते आम्हाला हवं असलेलं उत्तर आहे. तीनला इंजेक्शन झालं, रात्री नऊला पुन्हा पहिल्यासारखं दुखायला लागलं, असं तुम्हीच लिहिलंय. मधले सहा तास आईंना बरं वाटलं, हे मात्र रिव्ह्यूत कुठेच आलं नाही. तेवढं वाक्य आलं असतं तर मला इतकं लागलं नसतं.

एमआरआयबद्दल. साठीच्या पुढच्या दहा लोकांचा एमआरआय काढला तर बहुतेकांच्या मणक्यांत झीज दिसेल, आणि त्यातल्या कित्येकांना काही दुखत नसतं. झीज कुठे आहे ते फोटोत दिसतं. दुखतंय कुठून, ते या सांध्यांच्या बाबतीत फोटो सांगत नाही. त्यासाठीच ही सुई.

‘कामं करा’ म्हटल्याचा राग समजू शकते. इंजेक्शन दिलं की आराम करा, हेच सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण आईंनी संध्याकाळ झोपून काढली असती, तर कंबर औषधाने थांबली की झोपल्यामुळे, हे कसं ठरवायचं? म्हणून मी म्हटलं की भाकरी थापा, केर काढा, ज्या कामाने दुखतं तेच करून बघा. निघण्याआधी आमचा जिना दोनदा चढ-उतार करायला लावला तोही त्याचसाठी. येताना आईंच्या पायात चपला तुम्ही घातल्या होत्या, जाताना त्यांनी वाकून स्वतः घातल्या. मी दारातच उभी होते. तुम्ही तेव्हा काउंटरवर बिलाचं विचारत होता, म्हणून कदाचित दिसलं नसेल.

पैशांचं सांगते. साडेसहा हजारांत सी-आर्म, टेक्निशियन, सुया, डाय (सुईची जागा एक्स-रेत नीट दिसावी म्हणून सोडायचं औषध), बेड आणि माझी फी, सगळं आलं. आकडा आधी सांगितला होता, तुमची सही आहे. आईला तीन वर्षं रोज पेनकिलर चालू आहे असंही तुम्ही लिहिलंय. त्या गोळ्या इतकी वर्षं घेतल्या की जठर आणि किडनी दोन्हीला धोका असतो. आणखी एक गोळी वाढवून पाठवणं मला सोपं होतं. मी भूलतज्ज्ञ आहे, एकवीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढली, आणि हे क्लिनिक सुरू केलं ते तशी चिठ्ठी लिहायची नाही म्हणूनच.

पुढची पायरी रेडिओफ्रिक्वेन्सीची. त्याच नसांपाशी सुई नेऊन तिचं टोक 80 अंशांपर्यंत तापवतात, साधारण मिनिट-दीड मिनिट. नस दुखण्याची खबर पोचवायची थांबते. आराम बहुधा सहा महिने ते वर्षभर टिकतो, काहींना जास्त, काहींना कमी. नस पुन्हा वाढते, तेव्हा परत करता येतं. झीज याने जात नाही, आणि जाते असं मी कुणालाही कधी सांगितलेलं नाही. त्या महिन्यांत फिजिओथेरपी करून कंबर घट्ट करायची असते, नाहीतर पैसे वाया गेले असं मीच म्हणेन. आणि हा खर्च सांगायच्या आधी दुखणं नक्की तिथलंच आहे ना, याची खात्री करायला ते सहा तास होते. थेट मोठा खर्च करायला लावला असता, तर लूट हा शब्द मी निमूट ऐकून घेतला असता.

सोमवारी दोन पेशंटनी तारखा रद्द केल्या. एका काकांनी फोनवर विचारलं, ‘ते सहा तासवालं इंजेक्शन तुमच्याकडेच ना?’ आमच्याकडे मी धरून चार माणसं आहेत आणि मशीनचा हप्ता अजून चालू आहे. रिव्ह्यू काढून टाका असं मी म्हणत नाही, तो तुमचा हक्क आहे. फक्त लोकांनी हेही वाचावं.

हे सगळं त्या दिवशी मी सांगितलं होतं, पण उशीर झाल्यामुळे घाईत सांगितलं, हे कबूल. आता फॉर्मवर ‘ही तपासणी आहे’ असं वरतीच ठळक छापून घेतोय. वेळेच्या बाबतीतही काहीतरी बसवतोय.

आईंना मंगळवारी किंवा शुक्रवारी सकाळी घेऊन या, फेरतपासणीची फी घेणार नाही. येताना तो गुलाबी कागद आणा, दर तासाला शून्य ते दहा आकडा लिहायला दिला होता तो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत दुपारी तीनचा आणि रात्री नऊचा एवढेच आकडे आहेत, मधले पाच रकाने कोरे आहेत. आईंना शेजारी बसवून जमेल तेवढं आठवून भरा. आणि त्या संध्याकाळी त्यांनी भाकरी केल्या का, तेही लिहा. पुढचं सगळं मला त्यावरून ठरवायचं आहे.